पत्रा की फायबर? ट्रेलर घेण्याआधी हे ऐका

आजचा विषय माझ्या खिशाला चांगलाच लागलेला आहे. गाडीमागे ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा, तर बाहेरची भिंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असावी की फायबरग्लासची? अमेरिकेत राहणारे बरेच श्रोते हा प्रश्न विचारतात. मी मिशिगनमध्ये राहतो. ट्रेलर बनवण्याचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं केंद्र म्हणजे इंडियानातलं एल्कहार्ट, ते आमच्या शेजारीच. त्यामुळे इथे जुने ट्रेलर भरपूर विकायला येतात, आणि आपल्यासारखे भरपूर फसतातही.

माझा पहिला ट्रेलर फायबरचा होता. वापरलेला, ११,००० डॉलरला घेतला. गुळगुळीत, चकचकीत, एकही रेघ नाही. मला वाटलं, लॉटरीच लागली! हिवाळा संपला आणि पुढच्या खिडकीखाली ताटाएवढा फुगवटा दिसला. बोटाने दाबला तर आत गेला, सोडला की परत वर. दुरुस्तीवाल्याने आकडा सांगितला, ७,००० डॉलर. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. शेवटी खरं काय ते सांगून ४,००० ला विकून टाकला.

झालं काय होतं? फायबरची भिंत म्हणजे सँडविच असतं. बाहेर फायबरचा पातळ थर, त्याखाली पातळ प्लायवुड, मग फोम आणि ॲल्युमिनियमची चौकट, आणि हे सगळं गोंदाने चिकटवलेलं. खिडकीच्या कडेने पाणी आत शिरलं की प्लाय फुगतं, गोंद सुटतो, थर वेगळे होतात. मग तेवढाच तुकडा कापून बदलता येत नाही, कारण भिंत अख्खी एकसंध असते. आता काही कंपन्या प्लायऐवजी न सडणारं कंपोझिट वापरतात. म्हणून "फायबर आहे का?" एवढंच विचारू नका, "फायबरच्या मागे काय आहे?" हे विचारा.

दुसऱ्या वेळी मी पत्र्याचा घेतला. नालीदार पत्र्याच्या आडव्या पट्ट्या, आत लाकडी चौकट, मध्ये काचेच्या लोकरीचं इन्सुलेशन. हा साधारणपणे स्वस्त पडतो. गारा पडल्या की पोचे येतात, दिसायला जुनाट वाटतो, धुताना प्रत्येक खाचेत हात घालावा लागतो.

आणि पत्रा निर्दोष असतो असं समजू नका हं. उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबांनी ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात वास घेतला आणि म्हणाले, "अरे, इथे लाकूड कुजतंय." मी म्हटलं, "बाबा, बाहेरून तर छान दिसतंय." तरी कोपऱ्याची पट्टी काढली, खालचे दोन पत्रे उतरवले. आतलं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं हातात आलं!

पण इथेच फरक कळला. आम्ही दोघांनी तीन शनिवार-रविवारात लाकूड बदललं, तेच पत्रे परत बसवले. खर्च ४०० डॉलरच्या आत. बाबा म्हणाले, "कोकणात आपण पावसाळ्याआधी घर शाकारतो ना, तसं याचंही दरवर्षी करायला हवं." अगदी खरं. दोन्ही प्रकारांचा शत्रू एकच आहे, पाणी. ते छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेतून, बाहेरच्या दिव्यांच्या भोकातून येतं. पत्रा ते लपवतो, पण दुरुस्त करू देतो. फायबर फुगून सांगतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

मग निवड कशी करायची? बजेट कमी असेल, हातात पाना-स्क्रूड्रायव्हर धरायची तयारी असेल, तर पत्रा. नवीन घेताय, ट्रेलर छपराखाली ठेवायला जागा आहे, लांबचे प्रवास करायचेत, तर फायबर. तेही शक्यतो कंपोझिटवालं.

जुना बघायला जाल तेव्हा एवढं नक्की करा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा. भिंतीच्या एका टोकाला गाल टेकवून लांबवर नजर टाका, फुगवटा लगेच दिसतो. पलंगाखालचे आणि कपाटातले कोपरे दाबून बघा, वास घ्या. ओलावा मोजायचं छोटं यंत्र सोबत न्या. आणि घेतल्यावर वर्षातून निदान दोनदा छतावर सीलंट तपासा.

चकाकी बघून मी ७,००० डॉलर घालवले. तुम्ही कोपरे बघा. तुमच्या ट्रेलरच्या भिंतीत काय निघालं, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!