सैन्य कुणाच्या सहीने येते?



पाचूबंदर हे वसईच्या किल्ल्याच्या सावलीत, खाडीच्या मुखाशी वसलेले कोळ्यांचे गाव. या किल्ल्याचे नाव निघाले की मराठी मनाला प्रथम १७३९ साल आठवते. चिमाजीअप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांची सत्ता येथून उखडून काढली, ही गोष्ट प्रत्येक पिढीला सांगितली जाते आणि सांगितलीच पाहिजे. परंतु वसईच्या इतिहासात आणखी एक तारीख आहे. ती फारशी कोणी सांगत नाही. ३१ डिसेंबर १८०२. विजयाच्या त्या घटनेनंतर त्रेसष्ट वर्षांनी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला.

तहाचे कारण काय होते? परचक्र नव्हे, तर घरातील भांडण! २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला होता. आपला भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिल्याचा दंश होळकरांच्या मनात होता. पेशवा पुण्यातून निघाला, कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईस येऊन पोहोचला. आपल्याच सरदाराशी बोलणे लावण्याऐवजी त्याने परक्याचे सैन्य मागितले. सहा हजारांची तैनाती फौज कायमची राज्यात ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असे ठरले. त्या फौजेच्या कामांत पेशव्यांच्या राज्यातील बंडखोरांना व गडबड माजवणाऱ्यांना धाक घालणे हेही एक काम होते. कलमे पुष्कळ होती. पण ही फौज परत केव्हा जाणार, याचे कलम मात्र त्यात नव्हते. ती परत गेली नाहीच. सोळा वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाईच गेली.

आजच्या विषयाचे बीज या एका तहात आहे. समाजात अशांतता माजली की राज्यकर्त्याला सैन्याची आठवण होते. ते गैर आहे असे नाही. कधी कधी ते अपरिहार्यच असते. प्रश्न असतो तो असा, की सैन्य कुणाच्या सहीने आले, कोणत्या कारणासाठी आले, आणि किती दिवसांसाठी आले. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर असतील तर सैन्य समाजाचे रक्षण करते. उत्तरे नसतील तर त्याच शिस्तबद्ध सैन्याच्या आडून राज्यकर्ता आपला राग काढू शकतो. महाराष्ट्राने दोन्ही पाहिले आहे.

सर्वांत ठळक उदाहरण सोलापूरचे. १९३० चा मे महिना. मिठाचा सत्याग्रह ऐन भरात होता. सोलापूर नगरपालिकेवर ६ एप्रिललाच राष्ट्रध्वज चढला होता. गांधीजींना ५ मेच्या पहाटे अटक झाली आणि त्या गिरणगावात हरताळ, मिरवणुका, सभा सुरू झाल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला. पोलिसांनी काहींना पकडले, जमाव खवळला, कलेक्टर नाइट तेथे आले. मल्लप्पा धनशेट्टी यांनी लोकांना आवरण्याचा प्रयत्न केला, असे सोलापूरकर पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. अखेर गोळीबार झाला. हाती झेंडा घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग मात्र लोकांचा तोल सुटला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. जे घडले ते घडले. त्यातील हिंसेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

परंतु त्यापुढचे चार दिवस पाहा. पोलीस शहरातून काढून घेण्यात आले. सरकार म्हणून काही उरले नाही. आणि ९, १०, ११ मे या दिवशी काय झाले? लुटालूट? बेबंदशाही? नाही. स्वयंसेवक रस्त्यांवर उभे राहिले, रहदारी सांभाळू लागले, गावाचे व्यवहार चालू राहिले. आजही सोलापूरकर त्या दिवसांना आपल्या स्वातंत्र्याचे दिवस म्हणतात. म्हणजे दंगल ८ मेची, ती शमली तेव्हा शहर स्वतःला सांभाळत होते, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. येथे बारकाईने पाहिले पाहिजे. आग विझल्यावर बंब आला, आणि तो आग विझवण्यासाठी आलाच नव्हता. राज्याची गेलेली पत परत मिळवायची होती. राज्याशिवाय शहर चालू शकते, हे तीन दिवस दिसले. तोच साम्राज्याच्या दृष्टीने खरा अपराध ठरला.

कागदाची गोष्ट तर त्याहून उद्बोधक आहे. सैन्याने अंमल हाती घेतला १२ मे रोजी. त्याला कायद्याचे रूप देणारा व्हाइसरॉय आयर्विन यांचा वटहुकूम निघाला १५ मे रोजी. आधी बंदूक, मग कायदा! जवळजवळ पन्नास दिवस, ३० जूनपर्यंत, सोलापूर लष्कराच्या हुकमतीखाली राहिले. नगरपालिकेवरचा ध्वज उतरवला गेला. गांधी टोपी घालणे, राष्ट्रध्वज बाळगणे, स्वयंसेवक म्हणून रहदारीचे नियमन करणे, हे सारे शिक्षेस पात्र ठरू लागले. डोक्यावरील टोपीने कोणत्या सार्वजनिक शांततेचा भंग होतो, हे त्या राजवटीला कुणी विचारायचे? लष्करी न्यायालयाने दिलेल्या शिक्षांचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि लष्करी कायद्याच्या मर्यादांची तेथे चर्चा झाली. पण तोवर माणसे तुरुंगात होती.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून खटला चालून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. चार आडनावे वाचली तरी सोलापूरचा सगळा समाज डोळ्यांपुढे उभा राहतो.

या अन्यायाचा सल महाराष्ट्रातील तरुणांच्या मनात खोल होता. त्या काळी मुंबई सरकारचे गृहखाते अर्नेस्ट हॉटसन यांच्याकडे होते. पुढल्या वर्षी ते हंगामी गव्हर्नर म्हणून पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले असता, २२ जुलै १९३१ रोजी, वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन बचावले. गोगट्यांनी सोलापूरच्या अत्याचारांचेच कारण दिले. सहा वर्षे तुरुंगात काढून १९३७ मध्ये सुटलेले हे गोगटे पुढे पुण्याचे महापौर झाले, हे अनेकांना ठाऊक असेल.

इंग्रज गेले. परक्यांचे राज्य होते म्हणून असे झाले, आपले राज्य आल्यावर तसे कसे होईल, अशी भाबडी समजूत तेव्हा पुष्कळांची होती. ती २५ जून १९७५ च्या रात्री पार ढासळली.

त्या दिवशी दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी पोलिसांना आणि सैनिकांना बेकायदा आदेश पाळू नका असे आवाहन केले होते. सैन्याला चिथावणी दिली, म्हणून आणीबाणी आणावी लागली, असा नंतर सरकारी प्रचार झाला. खरे पाहता १९५० च्या सैन्य कायद्यातही वरिष्ठाची ‘कायदेशीर’ आज्ञा मोडणे हाच गुन्हा आहे. म्हणजे जयप्रकाशजींनी कायद्याच्या पुस्तकाबाहेरचे फारसे काही सांगितले नव्हते! दुसरी गोष्ट. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये, पुकारलेली आणीबाणी १९७५ मध्येही चालूच होती. एक आणीबाणी अंगावर असताना ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या दोन शब्दांवर दुसरी लादली गेली. राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. सहीचा क्रम पुन्हा उलटा.

येथे एक बाब आवर्जून ध्यानात घ्यावी. आणीबाणीच्या त्या एकवीस महिन्यांत राज्यकर्त्यांना सैन्य रस्त्यावर आणावे लागले नाही. लोकशाही गुंडाळण्यासाठी रणगाडे लागतात हा आपला समज पाकिस्तानाकडे पाहून झालेला आहे. भारतात ते काम जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावरील मिसाच्या छापील कागदाने झाले. त्यावर नाव भरायचे, सही करायची. पहाटे दारावर थाप पडायची. सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना ३० जूनला अटक होऊन येरवड्यास ठेवण्यात आले आणि ४ जुलैला संघावर बंदी आली. मिसाखाली देशभर सुमारे पस्तीस हजार माणसे स्थानबद्ध झाली. घरचा कर्ता पुरुष किती दिवसांसाठी गेला हे कुणाला सांगता येत नव्हते, कारण कागदावर ते लिहिलेलेच नव्हते. मागे राहिलेल्या माताभगिनींनी ते दिवस कसे काढले, याचा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही.

या स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असे मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी धैर्याने सांगितले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात आपले मराठी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. काळाचा न्याय असा, की २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते.

जनतेने १९७७ मध्ये मतपेटीतून उत्तर दिले, ते सर्वज्ञात आहे. त्याहून कमी बोलले जाते ते १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीबद्दल. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले गेले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, संसदेची विशेष बहुमताने एका महिन्यात मान्यता घ्यायची, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यायची, आणि जीविताचा अधिकार कोणत्याही आणीबाणीत निलंबित करायचा नाही. वसईच्या तहात जे कलम नव्हते ते भारताच्या राज्यघटनेत असे मागाहून आले. त्यासाठी हजारो कुटुंबांनी किंमत मोजली.

मग सैन्य बोलावूच नये काय? असा निष्कर्ष कुणी काढला तर तो घातक ठरेल. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांनीच काम थांबवले आणि शहर पेटले, तेव्हा सैन्य आणि निमलष्करी दले आणावी लागली. रक्षकच रस्त्यावर उतरल्यावर सरकारपुढे दुसरा मार्ग नव्हता.

उलट दिशेची चूक १९९२-९३ मध्ये झाली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत नऊशे माणसे मृत्युमुखी पडली. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, दोघांचीही घरे उजाड झाली. सैन्य शहरात होते. त्याची ध्वजसंचलने निघत होती. पण गल्लीत जाऊन दंगल मोडण्याचे काम त्याच्याकडे सोपवले जात नव्हते. ६ ते १० जानेवारी हे चार मोलाचे दिवस मुख्यमंत्र्यांच्या अनिश्चयात वाया गेले, असे श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये नमूद केले. या आयोगाच्या इतर निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले, पण या एका निष्कर्षाशी वाद घालणे कठीण आहे. हत्यारबंद सैनिक कोपऱ्यावर उभा आहे आणि त्याला आदेश नाही, हे दृश्य गुंडांनी एकदा पाहिले की सैन्याचा धाकच संपतो. सोलापुरात नको तेव्हा सही झाली. मुंबईत हवी तेव्हा झाली नाही.

पाचूबंदरच्या दर्यावर्दी बांधवांना गणवेशाचे नवल नाही. २००८ च्या २६ नोव्हेंबरनंतर समुद्रावर तटरक्षक दलाची गस्त वाढली आणि खलाशांना ओळखपत्रे दाखवावी लागू लागली. शत्रू समुद्रमार्गे आला होता, तेव्हा तो त्रास समजून घेतला गेला. परंतु सीमेवरचा पहारा निराळा आणि गावातील गर्दीपुढे उभा केलेला सैनिक निराळा. पहिल्याच्या समोर शत्रू असतो. दुसऱ्याच्या समोर आपलीच माणसे असतात, आणि ज्याला शत्रूवर गोळी चालवण्याचे शिक्षण मिळाले त्याला येथे हात आखडता घ्यावा लागतो. म्हणूनच हे काम वारंवार आपल्यावर येऊ नये, असे सैन्यातील जाणत्या अधिकाऱ्यांनाही वाटत आले आहे.

कायदा त्याला हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४९ व्या कलमानुसार, जमाव अन्य कोणत्याही मार्गाने पांगत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी आवश्यक असेल, तरच जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला, प्रत्यक्ष हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला तसे सांगू शकतो. सैन्याधिकाऱ्याने कमीत कमी बळ वापरायचे, माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करायची. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर सैन्याधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. पण संपर्क होताच त्याने पुन्हा दंडाधिकाऱ्याच्या सूचना पाळायच्या. जुन्या संहितेच्या १३० आणि १३१ कलमांतून हा क्रम पुढे आला आहे. सत्ता मुलकी अधिकाऱ्याची, हत्यार सैनिकाचे.

वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. या किनाऱ्यावर तशी वेळ आलीच, तर तो आदेश पालघरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने निघेल. तो कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या वस्तीपुरता आणि कोणत्या कारणासाठी निघाला, हे विचारण्याचा अधिकार या सभेतील प्रत्येकाला आहे, आणि तो विचारताना संकोच करण्याचे काहीच कारण नाही.