बाळाचे नाव कोणी ठेवायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाच्या वेळी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. पण बाळाचे नाव हा विषय असा आहे की त्याला फार शाळा लागत नाही. समोर दोन-तीन लेकीसुना पोटुशी बसलेल्या दिसताहेत. त्यांच्यासाठी आणि त्याहून अधिक त्यांच्या सासवांसाठी मी बोलणार आहे. सासवांनी रागावू नये, दोन-चार वर्षांत मीही त्यांच्याच ओळीत येऊन बसणार आहे.

पूर्वी पुष्कळ घरांतून नावाचा प्रश्नच पडत नसे. नातू झाला की आजोबांचे नाव, नात झाली की आजीचे. गेलेल्या माणसाची आठवण त्यामुळे घरात राही, ही चाल काही वाईट नव्हती. पण त्यात एक अडचण होई. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, मग तेच नाव पोटच्या मुलाला ठेवल्यावर त्याला हाक कशी मारायची? म्हणून घरोघर बाळ, बंडू, तात्या, अण्णा झाले. आपण आज हसतो, पण नऊ महिने जिने वाहिले तिला आपल्या मुलाचे खरे नाव तोंडाने घेण्याची चोरी होती.

ज्या घरात मुले जगत नसत तिथे धोंडू, दगडू, भिकू, केरू अशी नावे ठेवीत. इतक्या टाकाऊ नावाच्या पोराकडे काळाचे लक्ष जाणार नाही, ही समजूत. नाव ओबडधोबड, पण त्याच्या पोटात माया होती. ‘नकुशी’ या नावाच्या पोटात मात्र मला माया सापडत नाही. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडे दोन-तीन मुलींच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली की तिचे नाव नकुशी ठेवीत, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. माझ्या वर्गातही एक होती. गुरुजींनी हजेरी घेताना ते नाव पुकारले की ती ‘हजर’ म्हणायची. नको असलेली मुलगी रोज उठून हजर! तेव्हा आम्हांला त्यात काही वाटत नसे, इतके ते नाव अंगवळणी पडले होते.

2011 च्या ऑक्टोबर महिन्यात साताऱ्यात सरकारी समारंभ होऊन अशा 285 मुलींना नवी नावे मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. त्यांतल्या पुष्कळ मुलींनी आपली नावे आपणच निवडली होती. ते मी वाचले तेव्हा मनात आले, आपले बारसे आपणच करण्याची पाळी या पोरींवर यावी ना!

आता कुणी म्हणेल, ते खेड्यातले झाले, आपल्याकडे कोण नकुशी ठेवतो? ठेवीत नाही हे खरे. पण आपल्याकडचे डोहाळजेवण आठवा. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला की मुलगा, बर्फी निघाली की मुलगी. पेढा निघाला म्हणजे बायका ज्या आवाजात ‘पेढा, पेढा’ करतात, तो आवाज बर्फीला लागत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या वेळी असाच पेढा निघाला. घरात वहीभर नावे काढलेली होती, सगळी मुलाची. झाली मुलगी, गोड, साडेसहा पौंडांची. बारावा दिवस उजाडला तरी तिला नाव नव्हते. आत्या पाळण्याशी वाकली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागली. शेवटी पाळण्यात कुणीतरी सुचवलेले एक नाव ठेवले, ते कुणालाच रुचले नाही आणि रुळलेही नाही. दाखल्यावर ती ‘बेबी’ राहिली ती शाळेत घालायची वेळ येईपर्यंत. तिला कुणी नकुशी म्हटले नाही, पण तिच्यासाठी नाव शोधायला कुणाला सवड झाली नव्हती, एवढे खरे.

म्हणून माझे सांगणे असे की सातव्या महिन्यापासून नावे काढायला बसावे, आणि दोन नावे पक्की करावीत, एक मुलीचे आणि एक मुलाचे. मुलगा की मुलगी हे आधी विचारणे आणि सांगणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा दोन्ही नावे लागणारच. आणि बसताना नवराबायको दोघांनी बसावे. आत्याचा मान कानात कुर्र करून नाव सांगण्याचा, तो तिला पुरेपूर द्यावा. आजीआजोबांनी सुचवावे, जरूर सुचवावे. पण जिच्या तोंडून ते नाव दिवसातून शंभरदा निघणार, तिला आवडले की नाही हे कुणी विचारते का?

या ठिकाणी अक्षराचा प्रश्न येतो. पत्रिकेत अमुक अक्षर आले, त्यावरूनच नाव पाहिजे, म्हणून घरात रुसवेफुगवे होतात. नक्षत्रे सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार, अशी एकशेआठ अक्षरे पंचांगात असतात. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो आणि आर्द्राच्या तिसऱ्याला ‘ङ’. आता ‘ङ’ वरून कोणते नाव काढायचे ते काढून दाखवा! आपल्या वाडवडिलांनी यातून चांगली वाट काढली होती. पत्रिकेपुरते नावरस नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे. ज्यांचा विश्वास आहे त्यांनी तसेच करावे, म्हणजे शास्त्रही राहते आणि आईची हौसही राहते.

आईची हौस म्हणते, कारण आपल्या बायकांचा आपल्या नावांवरही ताबा नसे. आपल्या मंडळाच्या कपाटातली पुस्तके वाचताना माझ्या हे ध्यानात आले. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. तबकातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले की जुने संपले. माझेही तसेच झाले. रेशनकार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, त्यामुळे बँकेत खाते काढताना मला तीन खेपा घालाव्या लागल्या. माहेरी आई मात्र अजून जुन्याच नावाने हाक मारते, आणि ती हाक ऐकली की बरे वाटते.

आता एक चांगली गोष्ट झाली आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचे नाव आपल्या राज्यात सरकारी कागदावर असे लिहितात : आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. म्हणजे आईचे नाव बाळाच्या नावाला लागूनच आले. तेव्हा सुनांनो, दाखला हातात आला की आपले नाव नीट लिहिले आहे ना ते स्वतः वाचून घ्या, घरातल्या पुरुषांवर सोडू नका. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे अक्षरन् अक्षर बघा.

जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते. त्या वेळी नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नये. नाव मागाहून घालता येते, वर्षाच्या आत फुकट आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत थोडी फी भरून. पण घरात एक नाव, दाखल्यावर दुसरे, शाळेत तिसरे असे करू नये. पुढे नाव बदलायचे म्हटले तर सरकारी राजपत्रात छापून आणावे लागते, आणि हेलपाटे कुणाला घालावे लागतात ते मी आताच सांगितले.

मंडळाचा सागवानी पाळणा माझ्याकडे असतो. सभासदांना तो बारशासाठी विनामूल्य मिळतो, दोऱ्या मात्र ज्याच्या त्याने आणाव्यात. आठ दिवस आधी निरोप पाठवावा. मुलीच्या बारशाला तो जरा कमी जातो असे मला वहीवरून दिसते, येत्या वर्षी तसे दिसू नये.