रॉकेलचा बंब: ठेवावा की काढावा?

(मंचाच्या हिवाळी बैठकीतील भाषण, थोडी काटछाट करून)



मागच्या वेळी आपण आरक्षणावर बोललो आणि आज मी बॉयलरवर बोलणार आहे, म्हणजे मंचाची पार घसरगुंडी झाली असं कुणाला वाटेल. तरी ऐका. आपल्यापैकी बरेचजण आता शहराबाहेर राहायला गेले आहेत, तेव्हा आज ना उद्या ही वेळ तुमच्यावरही येणार आहे.

हेरफर्डशायरमधल्या आमच्या खेड्यात गॅसची पाइपलाइन नाही. मागच्या अंगणात एक हिरवी प्लॅस्टिकची टाकी आहे आणि घराच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या पेटीत, तेलावर चालणारा बॉयलर. तेल म्हणजे केरोसीन, आपलं रॉकेल! लहानपणी ज्या निळ्या रॉकेलसाठी रेशनच्या दुकानासमोर कॅन घेऊन उभी राहायचे, तेच मी इथे टँकरने मागवते हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा मला हसूच आलं होतं.

बॉयलर २००१ सालचा. गेल्या जानेवारीत एका रात्री तो बंद पडला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने नॉझल आणि ज्योत ओळखणारा फोटोसेल बदलला, आणि बंब पुन्हा धडधडायला लागला. स्टोव्हला पिन मारण्यातलाच प्रकार, फक्त महाग. जाताना तो म्हणाला, "चालेल अजून, पण विचार करून ठेवा."

त्या विचारावरून घरात दोन तट पडले. यांचं म्हणणं, चालतंय तोवर चालवायचं. यांच्या वडिलांनी एक स्कूटर पंचवीस वर्षं वापरली, त्या संस्कारात वाढलेला माणूस. लेक म्हणाली, "आई, तू मंचावर हवामानबदलावर भाषणं देतेस आणि घरी रॉकेल जाळतेस." दोघांचंही खरं होतं, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आम्ही वर्षाला साधारण २,००० लिटर तेल जाळतो. एका लिटरमागे अडीच किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला पाच टन. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली आणि नवा कंडेन्सिंग बॉयलर प्रत्यक्ष वापरात ९० टक्के देतो असं मानलं, तर सव्वातीनशे लिटर वाचतात. (इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून नवा तेलाचा बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा लागतो.) तेल लिटरला ६५ पेन्स धरा, वर्षाला दोनशे पौंडांच्या वर थोडी बचत. नव्याला चार हजार पौंड लागले तर पैसे वसूल व्हायला एकोणीस वर्षं! आणि तेवढी वर्षं आपण सव्वाचार टन सोडतच राहणार. हा पर्याय माझ्या मते सर्वांत वाईट, आणि लोक सर्वांत जास्त निवडतात तोच. कारण बॉयलर मरतो तो जानेवारीत, घरात पोरंबाळं कुडकुडत असताना. तेव्हा दोन दिवसांत जे बसवून मिळेल ते माणूस घेतो.

आता हीट पंप. हा बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. इथल्या सरकारी प्रकल्पात शेकडो घरांत मोजणी झाली, तेव्हा एक युनिट विजेमागे साधारण २.८ युनिट उष्णता मिळाली. आमच्या घराला त्या हिशोबाने साडेपाच हजार युनिट वीज लागेल. ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. २०२४ मध्ये इथल्या एका युनिट विजेमागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघत होता. म्हणजे पाच टनांचे पाऊण टनाच्या आत येतात.

पैशाचं मात्र खरं सांगते. वीज २६ पेन्सने धरली तर वर्षाचा खर्च १,४३० पौंड, आणि ६५ पेन्सच्या तेलाचा १,३००. हीट पंपाने लगेच पैसे वाचतात असं कुणी सांगितलं तर हिशोब मागा. पण मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यावर, हेच तेल लिटरला एक पौंडाच्या वर गेलं होतं. गॅस-विजेच्या दराला ऑफजेमची कमाल मर्यादा असते, तेलाला नसते.

बरं, टाकीत वनस्पती तेलापासून केलेलं इंधन घाला, असाही सल्ला मिळतो. किरकोळ फेरफार करून ते चालतं. पण महाग आहे, आणि तेच इंधन विमानांनाही हवंय. सगळ्यांना पुरणार नाही.

मग जुन्याचं काय? नॉझल, पंप, फोटोसेल, तेलाची लवचिक नळी हे सगळं बदलता येतं. आतलं पाणी तापवणारं भांडंच गळायला लागलं, की खेळ संपला. पण बॉयलरपेक्षा टाकीकडे बघा. एकेरी भिंतीच्या जुन्या टाकीला तडा गेला तर तेल जमिनीत मुरतं, जवळ विहीर असेल तर तिच्यात उतरतं, आणि ते निस्तरण्याचा खर्च नव्या बॉयलरहून कितीतरी जास्त. तळाशी पाणी साचलंय का, हेही दरवर्षी बघावं.

सरकारच्या भरवशावर थांबू नका. खेड्यांत नवे तेलाचे बॉयलर २०२६ पासून बंद करण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुनक सरकारने मुदत २०३५ वर ढकलली. पुढच्याच महिन्यात इंग्लंड-वेल्समधलं हीट पंपाचं अनुदान साडेसात हजार पौंडांवर नेलं. चांगलंच केलं, पण मोठे रेडिएटर, नवी पाण्याची टाकी धरून वरचे काही हजार ज्याच्या खिशात आहेत, त्यालाच ते मिळतं. आमच्या शेजारच्या ऐंशीच्या आजी पेन्शनवर राहतात, त्यांचा बॉयलर आमच्याहून जुना. पलीकडचं कुटुंब भाड्याने राहतं. बॉयलर घरमालकाचा, तेलाचं बिल यांचं. अनुदान आम्हा डॉक्टर-इंजिनिअरांच्या अंगणात येऊन थांबतं, आणि ते घेताना मला संकोच वाटतो. तरी घेणार आहे, कारण न घेतल्याने आजींना काही मिळणार नाही. मात्र खासदाराला पत्र लिहिलंय. मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल त्याने मागा.

आम्ही काय केलं ते सांगते. फेब्रुवारीत, बाहेर शून्याच्या आसपास असताना, बॉयलरमधून रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७० वरून ५० अंशांवर आणलं आणि तीन दिवस खोल्याखोल्यांतून थर्मामीटर ठेवले. हीट पंपाचं पाणी साधारण तेवढंच गरम असतं. जास्त दिवस हे करू नका. जुन्या बॉयलरमध्ये परतीचं पाणी फार थंड आलं तर आत आम्लयुक्त पाणी साचून तो गंजतो. तीन दिवसांत कळलं की घर उबदार राहतं, फक्त उत्तरेकडची जेवणाची खोली सोळाच्या वर जात नाही, आणि जिन्याजवळ वारा शिरतो. दोन रेडिएटर बदलले, पोटमाळ्यावर लोकर अंथरली.

बंब अजून बाहेर धडधडतोय. हीट पंपाची तीन कोटेशन्स मागवली आहेत, दोन आली. यांनी ती वाचली आणि "स्कूटरसुद्धा शेवटी विकलीच होती," एवढंच म्हणाले. गेल्या आठवड्यात तेल संपत आलं तेव्हा टाकी भरून घेतली नाही, पाचशे लिटरच मागवलं.