मन हृदयात असते काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काळजाचा ठोका चुकला, छातीत धस्स झालं, काळजाचं पाणी झालं, असं आपण रोज बोलतो. भीती, माया, दुःख सगळं आपण छातीत नेऊन ठेवलं आहे. (गंमत अशी की मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर पिशवीत पडतं ते यकृत!) मग मन खरोखर हृदयात असते काय?

आपल्या जुन्या वैद्यांनी यावर पुष्कळ विचार केला होता. सुश्रुतसंहितेत हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाची उपमा आहे. जागेपणी ते उमलते, झोपेत मिटते. चरकसंहिता सांगते की हृदयापासून दहा मोठ्या शिरा निघतात आणि ओज व चेतना तेथे राहतात. मस्तक, हृदय आणि बस्ती ही तीन मुख्य मर्मे मानली. भेलसंहितेने मात्र मनाची जागा डोके आणि टाळू यांच्या मध्ये सांगितली. म्हणजे वैद्यांचेही एकमत नव्हते. त्याच भेलसंहितेत रस हृदयातून निघून शिरांवाटे परत हृदयात येतो असेही आहे. निरीक्षण मोठे आहे, पण त्यावरून "सगळं विज्ञान आपल्याकडे आधीच होतं" असे म्हणणे मला पटत नाही. कारण मोजून कोणी पाहिले नव्हते.

ते काम इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी केले. त्यांचा ग्रंथ १६२८ साली निघाला. त्यांनी साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला थोडेच रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात सबंध शरीरात नसेल एवढे रक्त होते. मग ते येते कुठून? तेच तेच रक्त फिरत असले पाहिजे. दंडाला फडके बांधा, हातावरच्या शिरा फुगतील आणि त्यांत मध्ये मध्ये गाठी दिसतील. त्या झडपा होत. रक्ताला त्या उलटे जाऊ देत नाहीत. मुलांना हे घरी दाखवा.

हृदय मुठीएवढे, वजन साधारण तीनशे ग्रॅम. मिनिटाला सुमारे ७२ ठोके, दिवसाला लाखभर. दर मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे तीन मिनिटांत तेलाचा पंधरा लिटरचा डबा! उजवी बाजू फुप्फुसाकडे धाडते, डावी सर्व शरीराला. ठोका हृदयातच तयार होतो. ती जागा कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये दाखवली. भीती वाटली की मेंदूकडून नसांवाटे निरोप येतो आणि ठोके वाढतात. धस्स होते छातीत, हुकूम डोक्याचा.

आता कोणी विचारेल, धम्मात काय आहे? पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' लिहिला. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी त्याची नागरी लिपीतील आवृत्ती १९४० मध्ये काढली. त्यात हृदय उलट्या कमळकळीसारखे आहे, आतल्या खळग्यात अर्धा पसा रक्त आहे आणि त्याच्या आधाराने मन चालते. स्वभावाप्रमाणे त्या रक्ताचा रंगही बदलतो म्हणे! पण सतिपट्ठान सुत्तात शरीराचे जे भाग मोजले आहेत, त्यांत हृदय हा केस-नखांसारखाच एक भाग आहे. मन तेथे राहते असे तेथे म्हटलेले नाही. अभिधम्माच्या पट्ठानातही 'ज्या रूपाच्या आधाराने मन चालते' एवढेच येते, हृदयाचे नाव नाही. हृदयाचे नाव घातले ते अट्ठकथाकारांनी. त्या काळच्या वैद्यांची समजूत त्यांनी घेतली असे मला वाटते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मनाला केंद्रस्थान दिले. त्यासाठी मन छातीत असण्याची गरज नाही.

पुरावा पाहा. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय बदलले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तोच प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना १९९४ साली यश आले. दुसऱ्याचे हृदय बसवलेला माणूस शुद्धीवर येतो तेव्हा आपलीच मुले ओळखतो.

हे सगळे इथे सांगायचे कारण वेगळेच आहे. आपल्या वस्तीत छातीत दुखले की "गॅस झाला" म्हणून ओवा-सोडा देतात. बाई असली तर "मनाला लावून घेतलं". मन छातीत बसवल्याचा हा परिणाम! हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्याच स्नायूला रक्त देणारी धमनी बंद पडते आणि मिनिटागणिक स्नायू मरत जातो. छातीवर दाब, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत, घाम. बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना कधी नुसता दम लागतो. अशा वेळी माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. १०८ ला फोन करा, ती गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आधी ईसीजी, अर्जुनसालीचा काढा वगैरे नंतर डॉक्टरांना विचारून.

आणि लेकरांचे एक. घसा वारंवार दुखून पुढे सांधे सुजले, ताप आला, तर दुर्लक्ष नको. त्या आजाराने हृदयाच्या झडपा खराब होतात. त्यावर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. उसाच्या हंगामात बिऱ्हाड हलते आणि नेमके तेच चुकते. म्हणून निघताना दवाखान्याचा कागद आधी पिशवीत घाला, आणि जिथे टोळी थांबेल तिथल्या सरकारी दवाखान्यात तो पहिल्याच आठवड्यात दाखवा.