रिकाम्या यादीचा गुणाकार

जुन्या शाळांतून सवायकी पाठ करून घेत. ती कां, हें विचारण्याची सोय क्वचितच असे. आज मुलुंडच्या एखाद्या घरांत कोणी ‘हास्केल’ शिकूं लागला, तर हीच सवायकी त्याला निराळ्या वाटेनें भेटते. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचें नांव धारण करणाऱ्या या संगणकभाषेचा पहिला आराखडा १९९० सालीं प्रसिद्ध झाला. गणितांतील फलन हाच तिचा पाया. पडद्यावर एक ओळ लिहावी, कीं उत्तर हजर. १ ते ४ या यादींतील प्रत्येक अंकास १.२५ नें गुणावयास सांगितलें, कीं १.२५, २.५, ३.७५ आणि ५ उमटतात. यादी अनंत ठेवून पहिले दहाच अंक मागितले, तरी यंत्र अडत नाहीं. मागितल्यावांचून तें मोजीतच नाहीं.

येथें एक पथ्य आहे. अंदाज आधीं वहींत लिहावा, मग कळ दाबावी. ‘हेंच वाटलें होतें’ म्हणण्याची खोड फार वाईट.

रिकाम्या यादीची बेरीज शून्य येते. म्हणून गुणाकारही शून्य, असें शिकणारा लिहितो. उत्तर येतें १. वर्गांत हंशा पिकला असता. येथें ऐकणारें कोणी नाहीं. तो पुन्हां विचार करतो : २ आणि ३ यांचा गुणाकार ६, त्या यादीस रिकामी यादी जोडली तरी ६च राहिले पाहिजेत. शून्यानें तें साधणार नाहीं, एकानेंच साधेल. मग शून्याचें क्रमगुणित १ कां, हें त्याला वेगळें सांगावें लागत नाहीं.