व्यासाची खूण

कागदावर एक लांबट चौकोन काढलेला आहे अशी कल्पना करा. त्याच्या आखूड बाजूशेजारीं दोन बाण काढून त्यांच्यामध्यें २५ हा आंकडा लिहिला आहे. हें चित्र एका लोखंडी दांड्याचें आहे, एवढेंच तुम्हांस ठाऊक आहे. आतां हा दांडा गोल कीं चौरस? चित्राकडे कितीही वेळ पाहिलें तरी या प्रश्नाचें उत्तर मिळावयाचें नाहीं. गोल दांडा बाजूनें पाहिला काय किंवा चौरस दांडा बाजूनें पाहिला काय, कागदावर दोहोंचाही लांबट चौकोनच उमटतो. उत्तर हवें असेल तर दांड्याच्या टोंकाकडून दिसणारें दुसरें चित्र शेजारीं काढलें पाहिजे; नाहीं तर आंकड्याच्या आधीं एक लहानसें वर्तुळ काढून त्यांतून तिरपी रेघ ओढली पाहिजे. ती व्यासाची खूण. ती असली म्हणजे दांडा गोल आहे आणि २५ मिलिमीटर हा त्याचा व्यास आहे, हें तत्काळ कळतें, आणि दुसऱ्या चित्राचें कारणच उरत नाहीं. एक अख्खें चित्र वांचविणारी ही खूण पुसली गेली, तर मात्र तें वांचविलेलें चित्रही तिच्याबरोबर गेलें असें समजावें.

यंत्राच्या आराखड्यांतील अशा खुणा संगणकावर कशा घालाव्यात आणि घातल्यावर त्या टिकतील कशा, हा माझ्या भाषणाचा विषय आहे. विषय कारखान्याचा खरा. परंतु तंत्रनिकेतनांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आज पुष्कळ घरांत आहे, आणि ज्या वस्तूंनीं आपलीं घरें भरलीं आहेत त्या सर्व अशाच आराखड्यांवरून घडलेल्या आहेत.

पूर्वीं ड्राफ्ट्समन लांकडी फळ्यावर कागद ताणून बसत असे. त्याच्या हातीं पेन्सिल असे, आणि रेघ ओढणें व खूण काढणें हीं त्याला सारखींच कामें होतीं. संगणक आला तेव्हां रेघांचें काम सोपें झालें, पण खुणांचें अडलें. कारण कळफलक हा टंकलेखन करणाऱ्यासाठीं घडलेला आहे. त्यावर टक्क्याचें चिन्ह सांपडेल, पैशाचें सांपडेल. व्यासाचें, अंशाचें किंवा अधिक-उण्याचें सांपडावयाचें नाहीं. १९८२ सालीं 'ऑटोकॅड' हें आराखडे काढण्याचें सॉफ्टवेअर निघालें. त्यानें ही अडचण युक्तीनें सोडविली, आणि ती युक्ति आजही चालते. लागोपाठ दोन टक्केचिन्हें टंकावयाचीं आणि पुढें एक इंग्रजी अक्षर. 'डी' टंकलें तर डिग्रीची, म्हणजे अंशाची खूण उमटते. 'पी' टंकलें तर अधिक-उण्याची. आणि 'सी' टंकलें तर व्यासाची. 'सी'चें नातें सर्कलशीं जोडून घेतलें म्हणजे तें विसरत नाहीं.

येथवर सारें सोपें आहे. गोल चक्तीच्या समोरून दिसणाऱ्या चित्रावर व्यासाचें माप घेतलें तर सॉफ्टवेअर ही खूण आपण होऊन घालतें. पंचाईत होते ती आरंभीं सांगितलेल्या दांड्यासारख्या बाजूच्या चित्रावर. तेथें संगणकाच्या दृष्टीनें माप घेतलें जातें तें दोन सरळ रेघांमधील अंतराचें. त्याला गोलाईचा पत्ता नसतो. खूण आपणच घालावी लागते. अशा वेळीं नवशिका काय करतो? मापावर टिचकी मारतो, आंतील आंकडा पुसतो, आणि खुणेसकट २५ हा आंकडा स्वतः टंकतो. दिसावयास सारें ठीक दिसतें. परंतु पुसला गेला तो नुसता आंकडा नव्हता. ऑटोकॅडमध्यें मापाच्या जागीं रिकाम्या कोनी कंसांची एक जोडी ठेवली, तर ती 'जें मोजलें तें येथें लिही' अशी आज्ञा असते. ती जोडी जागच्या जागीं ठेवून तिच्या आधीं खूण टंकली, तर उद्यां दांडा २८ मिलिमीटरचा केला असतां आंकडाही २८ होतो. जोडी पुसून हातानें २५ लिहिले, तर दांडा चित्रांत फुगला तरी आंकडा २५ च राहतो. असा आराखडा पाहणारास खोटा वाटत नाहीं, हेंच त्यांतलें वाईट. कारखान्यांत चित्रावर पट्टी लावून कोणी मोजीत नाहीं. लिहिलेला आंकडा खरा धरावयाचा, असाच तेथील नियम आहे.

दुसरा एक मार्ग पुष्कळांस आवडतो. प्रत्येक मापास खूण घालण्याचा कंटाळा येऊन ते मापांच्या शैलीमध्येंच 'प्रिफिक्स' म्हणून ती नेमून टाकतात, म्हणजे त्या शैलींतील प्रत्येक मापाआधीं ती आपोआप येते. गोल दांडे अनेक असतील तर हें सोयीचें आहे. पण त्यासाठीं शैली वेगळी हवी. कारण असें नेमलेलें प्रिफिक्स त्रिज्येच्या मापाआधीं येणाऱ्या 'आर' या अक्षरालाही बाजूस सारतें. १० मिलिमीटर त्रिज्येचा गोलावा मग १० मिलिमीटर व्यासाचा म्हणून छापला जातो. माप निम्म्यावर आलें, आणि आंकडा मात्र तसाच राहिला.

आतां खुद्द खुणेकडे वळूं. वर्तुळ आणि त्यांतून तिरपी रेघ, अशा दिसणाऱ्या आकृति तीन आहेत. एक डॅनिश व नॉर्वेजियन भाषांतील स्वर. डॅनिशमध्यें या एकट्या अक्षराचा अर्थ 'बेट' असा होतो. दुसरी गणितांतील रिक्त संचाची खूण. १९३९ सालीं बूर्बाकी या टोपणनांवाखालीं लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांनीं ती रूढ केली, आणि ती आपण नॉर्वेजियन लिपींतून घेतली असें आंद्रे वेय यांनीं आत्मचरित्रांत सांगितलें आहे. तिसरी आपली व्यासाची. कारखान्यांत तिला सरळ 'डाया' म्हणतात. इमारतीच्या कामावर सळयांची जाडी सांगतांना कित्येक इंजिनियर 'फाय' म्हणतात, जणूं तें ग्रीक अक्षरच आहे! डोळ्यांस या तिन्ही एकच. पण जगांतील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्यें तिघींचीं घरें निराळीं आहेत. व्यासाच्या खऱ्या खुणेचा क्रमांक २३००. ऑटोकॅडची टक्केचिन्हांची युक्ति मात्र २२०५ क्रमांकाची, म्हणजे रिक्त संचाची खूण देते. आणि आल्ट कळ दाबून ०२१६ टंकणारास मिळतो तो स्कँडिनेव्हियन स्वर. छापील कागदावर यानें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें संगणकाकडून शोध करवितांना. आराखड्यांत सारे व्यास शोधावयास सांगितले आणि ते तिघांनीं तीन तऱ्हांनीं टंकलेले असले, तर एक तृतीयांशच सांपडतात आणि उरलेले नाहींतच असें वाटतें.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. व्यास, अंश आणि अधिक-उणें या तीन खुणांवर काम भागत नाहीं. दाराच्या बिजागरीकडे पाहा. तिच्या भोंकांचीं तोंडें नरसाळ्यासारखीं पसरट केलेलीं असतात, म्हणून स्क्रूचें डोकें वर राहत नाहीं. या नरसाळ्याची खूण इंग्रजी 'व्ही' सारखी आहे. बोल्टाचें डोकें बुडावें म्हणून भोंकाच्या तोंडाशीं सपाट तळाची रुंद बैठक कोरतात. तिची खूण वर उघड्या चौकटीसारखी. आणि भोंक किती खोल, हें सांगावयास आडव्या रेघेखालीं उतरणारा बाण. पूर्वीं या गोष्टी इंग्रजी शब्दांनीं लिहीत. अमेरिकेच्या १९८२ सालच्या मानकानें शब्द काढून त्या जागीं खुणा घातल्या. हें मला फार शहाणपणाचें वाटतें. कोल्हापुरांतील टर्नर असो कीं जर्मनींतला, इंग्रजी 'डीप' हा शब्द दोघांनाही परका. खालीं उतरणारा बाण दोघांनाही कळतो.

परंतु संगणकावर या खुणा बहुधा एका खास टंकांतून येतात. ऑटोकॅडमध्यें त्याचें नांव 'जीडीटी'. त्या टंकांत 'एन'च्या जागीं व्यासाची खूण बसविली आहे, 'एक्स'च्या जागीं खोलीची, 'व्ही'च्या जागीं बैठकीची आणि 'डब्ल्यू'च्या जागीं नरसाळ्याची. म्हणजे फायलींत साठविलेलें असतें तें साधें इंग्रजी अक्षर. खूण हा त्यावर चढविलेला वेष आहे. ज्या संगणकावर हा टंक नाहीं तेथें वेष उतरतो. मराठी वाचकांस हा प्रकार मुळींच नवा नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या मराठी टंकांत लिहिलेलें पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलें कीं तेथें इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसे. पत्राचा कचरा झाला तर निदान तो कचरा आहे हें कळतें. आराखड्याचें तसें नाहीं. १२ मिलिमीटर व्यासाचें आणि २० मिलिमीटर खोल भोंक टंक हरवल्यावर असें दिसतें: 'एन', १२, 'एक्स', २०. 'एक्स' हें अक्षर तर आराखड्यांत गुणिलेच्या अर्थीं सर्रास येतें. वाचणारा तें १२ गुणिले २० असें लांबी-रुंदीचें माप समजला, तर त्याला दोष कसा द्यावा? बैठकीची खूण हरवली कीं उरतो 'व्ही', आणि तो तर नरसाळ्याच्या खुणेचाच भास करतो. सपाट बैठकीच्या जागीं नरसाळें कोरलें गेलें तर बोल्टाचें डोकें टेकतें तें कडेवर, आणि तो भाग फेंकून द्यावा लागतो.

अधिक-उण्याची खूण गेली तर काय होतें? २५ अधिक-उणें ०.०२ या मापाचा अर्थ, २४.९८ पासून २५.०२ पर्यंत कोणतेंही माप चालेल, असा आहे. या खुणेच्या जागीं प्रश्नचिन्ह उमटलें, तर कारागिरापुढें एक आंकडा, एक प्रश्न आणि पुढें एक बारीकसा आंकडा एवढेंच राहतें. अनुभवी माणूस दूरध्वनि करून विचारील. रात्रपाळीस एकटा असलेला नवखा माणूस विचारीलच असें नाहीं.

कांहीं सॉफ्टवेअरांनीं निराळी वाट धरली आहे. 'सॉलिडवर्क्स'मध्यें खूण साठविली जाते ती कोनी कंसांतील नांवानें. व्यासासाठीं 'मॉड-डायम', खोलीसाठीं 'होल-डेप्थ'. मला ही पद्धत पसंत आहे, कारण खूण उमटली नाहीं तरी नांव वाचून अर्थ लागतो. ऑटोकॅडच्या जीडीटी टंकांत अर्थ कोठेंच लिहिलेला नसतो. म्हणून त्या टंकाच्या खुणा वापरणारानें आराखडा दुसरीकडे पाठवितांना नुसती फाईल पाठवूं नये. 'ई-ट्रान्समिट' नांवाची एक सोय आहे. तिच्यांत सांगितलें तर आराखड्याबरोबर टंकही बांधून दिले जातात. शिवाय जोडीला पीडीएफ प्रत द्यावी.

आणि ती फाईल ज्या संगणकावर तयार झाली तेथेंच तपासून समाधान मानूं नये, कारण तेथें सारे टंक हजर असतात. दुसऱ्याच्या संगणकावर ती उघडून प्रत्येक मापावरून नजर फिरवावी. जेथें रिकामी चौकट, प्रश्नचिन्ह किंवा आंकड्याशेजारीं एकटेंच एखादें इंग्रजी अक्षर दिसेल, तेथें लेथ सुरू होण्यापूर्वीं आराखडा परत मागवावा.