साय कुणी काढायची?



कापसाच्या भावावर आपण तासन् तास बोलतो. आज दुधावरच्या सायीचे बोलू. विषय चुलीजवळचा असला तरी हिशेब शेतातलाच आहे. गोठ्यात पडतो तो कडबा आपल्या ज्वारीचा, ढेप आपल्याच सरकीची. कडबा जनावराच्या पोटात आंबतो आणि त्यातून जी आम्ले होतात, त्यांपासून दुधातला बराचसा स्निग्धांश घडतो. म्हणजे साय हे कोरडवाहू रानाचेच पीक आहे. ते काढायचे कुणी आणि त्याचे पैसे कुणाच्या हाती जायचे, एवढाच प्रश्न आहे.

म्हशीच्या लिटरभर दुधाचे वजन सुमारे १०३० ग्रॅम. ६.५ फॅट लागली, तर त्यात ६७ ग्रॅम स्निग्धांश. पाच लिटरमध्ये ३३५ ग्रॅम. घरी तो सगळा हाती येत नाही. दूध उकळून रुंद तोंडाच्या गंजात ओता, कापड झाका आणि रात्रभर हलवू नका. स्निग्धांश हलका, तो वर येतो; काही खाली दुधात राहतोच. साय साठवून विरजा, घुसळा, लोणी कढवा, बेरी गाळा. १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी कोमट दूध वेगाने फिरवून साय वेगळी करणारे यंत्र काढले. त्यात दुधात जवळजवळ काहीच उरत नाही. डेअरीत तेच यंत्र चालते. तुमची साय तिथेही निघतेच.

आता एक कडू गोष्ट. साय काढून घ्यायची आणि उरलेले दूध 'चांगले' म्हणून कॅनमध्ये ओतायचे, हे आपल्यातही कुणी कुणी करतात. साय काढली की दूध जड होते, लॅक्टोमीटर वर चढतो. पाणी घातले की तो खाली येतो. दोन्ही केले की पुन्हा जागेवर! ही लबाडी मोडली ती फॅटच्या परीक्षेने. १८९० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी ती काढली आणि तिचे पेटंटही घेतले नाही. ही परीक्षा पाणी घालणाऱ्याला पकडते, तशी कमी फॅट लिहिणाऱ्यालाही पकडते. मात्र नमुना आपल्यासमोर तपासला पाहिजे आणि पावतीवर फॅट, एसएनएफ आणि भाव तिन्ही लिहिलेले पाहिजेत.

मग साय घरी काढावी की दूध तसेच घालावे? आम्ही एकच उत्तर देणार नाही. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात. त्याच्या वर प्रत्येक पॉइंटला किती वाढ आणि खाली किती कपात, ते विचारून घ्या. एका बाजूला आठवड्याच्या दुधाचे पैसे मांडा. दुसऱ्या बाजूला तूप आणि ताक मांडा. त्यातून सरपण वजा करा आणि घुसळणाऱ्या बाईची मजुरीही वजा करा. ती मजुरी आपण आजवर फुकट धरली, म्हणून घरचे तूप स्वस्त वाटते.

एक गोष्ट मात्र हिशेबात घालू नका. साय काढलेल्या दुधात प्रथिने आणि कॅल्शियम राहतात, पण 'अ' जीवनसत्त्व सायीबरोबर जाते. दोन वर्षांच्या आतल्या लेकराच्या वाटीत असे दूध नको. नातवंडाला दुधावरची साय म्हणायचे आणि त्याच्याच वाटीतली साय बाजारात न्यायची, हे कुठल्याच भावाला परवडणारे नाही.

पुढच्या बैठकीला येताना महिनाभराच्या दुधाच्या पावत्या घेऊन या. सगळे मिळून मांडू.